धाबळीचं मडगार्ड

धार संस्थानात मी रस्त्यांचा ओव्हरसियर होतो तेव्हाची ही हकीकत. मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. धारपासून गंधवानीपर्यंतचे रस्ते, मोऱ्या आणि नाले तपासायचे आणि कागदावर उतरवायचे, हे माझं काम. घोडा मला कधीच मानवला नाही, आणि घोड्यालाही मी मानवत नसे. त्यामुळे महूच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना आपली मोटरसायकल विकतो आहे असं कळलं, तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता ती घेऊन आलो. गावात सगळे तिला फटफटी म्हणत. मीही दोन दिवस 'मोटरसायकल' म्हणून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी फटफटीवर आलो.

गाडी चांगली होती, पण तिच्यात एक खोड होती. मागच्या चाकावरचं मडगार्ड मागल्या कॅरियरखालीच तुटलेलं होतं. साहेबाला उन्हाळ्यातच फिरायची हौस असावी, त्याचं काही अडलं नव्हतं. आमच्या माळव्यातल्या काळ्या मातीला मात्र चार सरी पुरतात. चाक फिरलं की चिखल वर उडे आणि थेट पाठीवर बसे. गंधवानीहून परतलो की कोटावर मानेपासून कमरेपर्यंत एक काळा पट्टा असायचा. वडिलांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, रस्ते तू तपासतोस की रस्ते तुला? मला राग आला होता.

वडील दफ्तरातून निवृत्त झाले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं सोवळंओवळं आधीपासून कडक होतंच, आई गेल्यावर ते आणखी कडक झालं. फटफटीला त्यांनी कधी हात लावला नाही. ती अंगणात उभी असली तर तुळशीला पाणी घालायला ते लांबून वळसा घेऊन जात. तिची गादी चामड्याची होती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्या भाद्रपदात, पितृपक्ष लागून चार-पाच दिवस झाल्यावर, देवासहून काकांचं कार्ड आलं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. देवास दोन पात्यांत, म्हणजे दोन राजांच्या गाद्यांत वाटलेलं; त्यातल्या थोरल्या पातीत सारी नोकरी करून ते गावाबाहेरच्या आपल्या मळ्यातल्या घरात राहत होते. कार्डावर दोनच ओळी होत्या. 'यंदा माझ्यानं एकट्यानं व्हायचं नाही. अष्टमीला ये.' अष्टमी ही माझ्या आजोबांची तिथी.

या दोन ओळींचं वजन कळायला अकरा वर्षं मागं जायला हवं. तेव्हाही अष्टमीच होती आणि मी वडिलांबरोबर होतो, सोळा-सतरा वर्षांचा. इंदूरपुढं आमच्या टांग्याचं चाक फसलं. वडील उतरून टांगेवाल्याबरोबर चाकाला खांदा देत होते, तेवढ्यात घोड्यानं हिसका मारला आणि ते चिखलात पडले. काकांच्या दाराशी पोचलो तेव्हा ओटीवर ब्राह्मण बसलेले, शेजारची चार माणसं आलेली. काका दारातच उभे होते. त्यांनी वडिलांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, ही डबक्यातून म्हैस उठून आली की काय? ओटीवरची सगळी माणसं हसली. वडीलही थोडं हसले. मग ते विहिरीवर गेले, अंघोळ करून ओल्या धोतरानं आत आले, आणि बघतात तर पिंड मांडून झाले होते. काकांनी त्यांच्यासाठी थांबायचंच टाळलं होतं. पानावर न बसता वडील तसेच टांग्याशी आले आणि मला म्हणाले, चल. धारपर्यंत त्यांचं धोतर अंगावरच वाळलं.

तेव्हापासून दोघा भावांत ना कार्ड, ना निरोप. आई गेली तेव्हा काकू एकट्या येऊन गेल्या. काका आले नाहीत, आणि वडिलांनी ते का आले नाहीत हे विचारलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते आमच्या घराण्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

वडिलांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले की अक्षर त्याचं नाही. स्वतःच्या हातानं दोन ओळी खरडायची तसदीसुद्धा घेतली नाही, कुणा कारकुनाकडून लिहवून घेतलं. कार्ड त्यांनी पंचांगात ठेवून दिलं. पावसानं डाक आधीच उशिरा आली होती. अष्टमीला तीन दिवस उरले होते, आणि टांग्यानं देवास म्हणजे वाटेत मुक्काम धरून दोन दिवसांची मजल. पहिला दिवस त्यांनी तसाच जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टांग्याची वेळ टळून गेली होती. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात गाडीला तेल देत होतो. वडील वळसा न घेता सरळ माझ्याजवळ आले.

"हिनं देवास किती वेळाचं?"

मी म्हटलं, "सकाळी उजाडताना निघालं तर अकरापर्यंत पोचू. पण बाबा, पाठीवर चिखल उडेल."

"तो उडता कामा नये," ते म्हणाले. "मी जाईन तर कोरडा जाईन. त्याच्या दारात मला बघून कुणी हसलं, तर उंबऱ्यावरूनच मागे फिरेन. मग जन्मात देवासचं नाव काढणार नाही."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, म्हणूनच मला भीती वाटली. ते बोलल्याप्रमाणे वागत. एका शिंतोड्यावर दोन भावांचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं, आणि तो शिंतोडा अडवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात दुसरी अट होती. चामडं नको. वडिलांच्या मांडीवर सोवळ्याचा मुकटा आणि दर्भ यांचं गाठोडं असणार. गादीला चामडं, मागं लोंबतं चामडं, असं सगळं घेऊन गेलो तर दादा, म्हणजे काका, नुसत्या वासानं ओळखेल, असं ते म्हणाले. मुकट्याला चामड्याचा वास म्हणजे पुन्हा दारातच पंचाईत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पागेतल्या खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. बग्ग्यांच्या चाकांमागं चामड्याचे पडदे तोच लावून देत असे. त्यानं तुटक्या मडगार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवला, वितीनं माप घेतलं, आणि जाड चामड्याचा तुकडा काढून दोन भोकं पाडायला निघाला. मी त्याला थांबवलं. चामडं चालणार नाही, दुसरं काही सुचव. ताडपत्री म्हटलं तर बाजारात त्या दिवशी नवी नव्हती, आणि जुनी कुणाकुणाच्या गाडीवरची कुणी द्यायला तयार नव्हतं. घोंगडीचं कसं होईल, असं मी विचारलं.

"भिया, ऊन तो पाणी पी जाएगो," तो म्हणाला. "चमड़ो पाणी झटक देगो. आगे थांकी मरजी."

ऊन म्हणजे लोकर; ती पाणी पिईल, चामडं झटकेल, पुढं तुमची मर्जी, असं त्याचं म्हणणं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तेव्हा शहाण्यांत मोडत नव्हतो. मला चाकं, मोऱ्या, उतार यांचं थोडंफार कळत होतं, पण त्या दिवशी मला वडिलांचा मुलगा व्हायचं होतं, ओव्हरसियर नाही.

घरी येऊन मी वडिलांना लोकरीचं बोललो तर त्यांचा चेहरा उजळला. लोकर कधी ओवळी होत नाही, ते म्हणाले, तिला विटाळ नाही. आणि ते आत जाऊन आईची धाबळी घेऊन आले. आई सोवळ्यात स्वयंपाक करताना नेसायची ती जाड लोकरीची धाबळी. चार वर्षं ती माळ्याजवळच्या दांडीवर तशीच होती. वडील रोज काठीनं ती झटकून पुन्हा ठेवत, हे मला माहीत होतं. तिला अजून चुलीच्या धुराचा वास होता.

मी म्हटलं, "ही नको बाबा."

"घे," ते म्हणाले. "तिलाही नेऊ या. तिला दादाचा राग कधीच नव्हता."

मग मी धाबळीचे दोन तुकडे केले. कात्री धाबळीत शिरताना जो आवाज होतो तो मला अजून ऐकू येतो, आणि अजून वाईट वाटतं. अर्धा तुकडा कॅरियरवरच्या गादीला गुंडाळला. उरलेला अर्धा दुहेरी शिवला, वरच्या काठात पत्र्याची पट्टी घातली, खालच्या काठात बांबूच्या दोन कामट्या, म्हणजे वाऱ्यानं तो उलटू नये. तुटक्या मडगार्डाच्या कडेला दोन भोकं पाडली, बोल्ट घातले, वायसर घातले, चक्क्या आवळल्या. पडदा चाकामागं टायरच्या चार बोटं मागं लोंबत होता. बादलीभर पाणी मारून चाक हातानं फिरवून पाहिलं. एक थेंब वर आला नाही. वडील टाळी वाजवतात की काय असं मला क्षणभर वाटलं.

अष्टमीला उजाडता उजाडता निघालो. वडिलांनी शुभ्र धोतर, बाराबंदी आणि पगडी असा पोशाख केला होता. गाठोडं मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. माझ्या लहानपणानंतर त्यांचा हात असा माझ्या अंगावर पहिल्यांदाच इतका वेळ राहिला असेल. पहिले दहा मैल ते रामरक्षा म्हणत होते. मग थांबले, आणि झाडं मोजू लागले. घाटाबिल्लोदच्या पुढं एका उतारावर मला त्यांच्या हसण्याचा आवाज आला. मी मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर ते लगेच गंभीर झाले असते.

इंदूरपर्यंत पाऊस नव्हता. रस्त्यातल्या डबक्यांचं पाणी पडद्यानं व्यवस्थित अडवलं. इंदूरला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा मी मागं जाऊन पाहिलं. धाबळी निथळत होती आणि हातभर लांब झाली होती, टायरपासून तिचं अंतर चार बोटांचं एक बोट उरलं होतं. मी ती पिळून काढली, बोल्ट आवळले, आणि वडिलांना सांगितलं की सगळं ठीक आहे. म्हाताऱ्या कारागिराचं वाक्य मला तेव्हा आठवलं होतं. पण अकरा वाजायला फार वेळ नव्हता, आणि वडिलांचं धोतर अजून शुभ्र होतं.

क्षिप्रेचा पूल ओलांडला आणि सरी सुरू झाल्या. आग्रा रोडवर बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या, त्यांत पाणी साचलं होतं. लोकर पाणी पीत गेली, मातीनं जड होत गेली. देवासची टेकडी समोर दिसू लागली तेव्हा मागं फर्रकन् आवाज झाला, गाडीनं हिसका दिला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. आम्ही पडलो नाही एवढंच. धाबळी टायरनं ओढून घेतली होती, ती पट्ट्याच्या चाकात गुंडाळली गेली होती आणि दोन्ही कामट्या मोडल्या होत्या.

मी खाली बसून चाकूनं ती लोकर कापून काढू लागलो. वडील रस्त्याच्या कडेला एका दगडावर छत्री धरून उभे होते, धोतराचा सोगा हातात उचलून. अर्धा तास गेला. एक एक धागा सोडवताना मला आईची आठवण येत होती आणि स्वतःचा संताप येत होता. शेवटी चाक मोकळं झालं. पडद्याच्या जागी आता दोन बोल्ट आणि चिंध्या उरल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं की आता काही अडवायला नाही. इथून दोन मैल आहे, चालत गेलो तर कोरडे राहाल, पण श्राद्धाची वेळ टळेल.

वडिलांनी टेकडीकडे पाहिलं. मग छत्री मिटली, गाठोडं छातीशी बाराबंदीच्या आत कोंबलं, आणि गाडीच्या मागं आले. ही गाडी ढकलूनच सुरू होई. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हात कॅरियरवर टेकले आणि म्हणाले, "हं."

मी नको म्हणेपर्यंत ते ढकलू लागले होते. इंजिन लागलं, उघडं चाक फिरलं आणि सगळा चिखल त्यांच्या तोंडावर, पगडीवर, छातीवर गेला. मी क्लच दाबून थांबलो. ते चालत आले, तोंड पुसलं नाही, मागं बसले. पुढचे दोन मैल चाक त्यांची पाठ रंगवत होतं. मला मान वळवायची हिंमत झाली नाही. गावातल्या रस्त्यावर एका बाजूला थोरल्या पातीचा शिपाई उभा होता, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचा. दोघांनी आम्हाला पाहिलं. आम्ही मधूनच जात होतो, तेव्हा कुणी कुणाच्या हद्दीत अडवावं हा प्रश्न त्यांनी आपसांत सोडवला नसावा.

मळ्यातल्या घरापाशी पोचलो. ओटीवर ब्राह्मण बसलेले होते, शेजारची माणसं होती, आणि दारात काका उभे होते. अकरा वर्षांपूर्वी होते अगदी त्याच जागी. वडील गाडीवरून उतरले आणि दहा पावलांवर थबकले. ओटीवरच्या एका माणसानं तोंडावर उपरणं धरलं. आता हे मागं फिरणार, मी मनात म्हटलं, आणि गाडी वळवायची तयारी म्हणून हँडल धरलं.

तेवढ्यात माझं लक्ष काकांकडे गेलं. ते आमच्याकडे बघत नव्हते. इंजिनाचा आवाज जिथं थांबला असं त्यांना वाटलं त्या बाजूला, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे, त्यांचा चेहरा होता, आणि डोळ्यांवर पांढरी साय आली होती. काकू मागून पुढं झाल्या आणि त्यांनी वडिलांना नुसती मान हलवून सांगितलं, दिसत नाही. अक्षर दुसऱ्याचं का होतं ते आम्हाला तेव्हा कळलं.

वडिलांना गुपचूप बाजूनं विहिरीवर जाता आलं असतं. काकांना कळलं नसतं, आणि ओटीवरच्या कुणी त्या घरात आता तोंड उघडलं नसतं. ते दोन पावलं पुढं गेले.

"दादा," ते म्हणाले, "मी आलोय. पण डोक्यापासून पायापर्यंत चिखलात आहे. तेव्हासारखाच."

काकांनी आवाजाकडे मान फिरवली.

"माझीही अंघोळ व्हायचीय," ते म्हणाले. "हे सगळे सकाळपासून म्हणतायत, उरकून घ्या. म्हटलं, धाकटा आल्याशिवाय नाही. एकदा केलं तेवढं पुरे झालं." मग त्यांनी हात पुढं केला. "हात दे. विहीर मला दिसत नाही."

वडिलांनी आपला चिखलाचा हात धोतराला पुसायचा प्रयत्न केला, पण पुसायला कोरडी जागाच नव्हती. शेवटी तसाच दिला.

विहिरीवर माळ्यानं बैल जुंपले आणि मोट चालू केली. थारोळ्याच्या दगडावर दोघं भाऊ बसले. वडिलांनी काकांच्या डोक्यावर पाणी घातलं. मग काका म्हणाले, तू पाठ कर. आणि त्यांनी हातांनी चाचपत वडिलांची पाठ चोळायला सुरुवात केली. वाळत आलेली काळी माती त्यांच्या बोटांना लागे, ते तिथं थांबत, पाणी घालत, पुन्हा चोळत. इथं अजून आहे, असं स्वतःशीच म्हणत. वडील पाठ वाकवून बसले होते आणि रडत होते. मी ते पाहिलं, आणि मोटेच्या बैलांकडे तोंड केलं.

एवढा चिखल पाठीवर कसा, असं काकांनी विचारलं. वडिलांनी मडगार्डाची गोष्ट सांगितली, चामडं का नको म्हटलं तेही सांगितलं. काकांचे हात थांबले.

"लोकर लावलीत?" ते म्हणाले. "अरे, ही मोट कशाची आहे? या पाण्यानं आपण सोवळे होतो ते चामड्यातूनच येतं ना?"

वडील म्हणाले, "तूच हसला असतास."

"हो," काका म्हणाले. "मी हसलोच असतो." आणि पुन्हा चोळू लागले.

त्या दिवशी पिंड वडिलांनी ठेवले. काकांचा हात त्यांच्या हातावर होता. गाठोड्यातला मुकटा कोरडा निघाला, बाराबंदीच्या आत तो वाचला होता.

जेवणं झाल्यावर काकांनी माळ्याला हाक मारून जुन्या फाटक्या मोटेचा एक तुकडा मागवला. पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेलं, तेल पाजलेलं जाड चामडं. मी ओटीसमोर गाडी उभी केली, चिंध्या काढल्या, त्याच दोन भोकांत तेच दोन बोल्ट घातले आणि तो तुकडा पत्र्याच्या पट्टीखाली आवळला. काका काठी टेकत आले, वाकले, आणि चामडं दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून पाहिलं. काकू दारातून काही म्हणणार होत्या. ते म्हणाले, संध्याकाळी अंघोळ आहेच. मग वडिलांना म्हणाले, आता पुढच्या वर्षी मला कोरडी पाठ दाखव. परतीच्या वाटेवर सबंध आग्रा रोडभर पाऊस होता, आणि वडिलांच्या पाठीवर एक शिंतोडा उडाला नाही. पागेतल्या म्हाताऱ्याला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं.

पुढची तीन वर्षं आम्ही अष्टमीला गेलो. दरवेळी काका दारात उभे असत. वडील उतरून त्यांच्यासमोर पाठ करून उभे राहत, काका मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवत, आणि म्हणत, कोरडी. ओटीवरचे सगळे हसत, आणि वडीलही हसत. टांग्यानं गेलो होतो त्या वर्षीचं हसू आणि हे हसू, दोन्ही मी ऐकलेली आहेत. अर्धी उरलेली धाबळी वडिलांनी पुन्हा दांडीवर ठेवली होती. रोज काठीनं झटकत, पूर्वीसारखीच.

चौथ्या वर्षी आम्ही गेलो ते काकांच्याच श्राद्धाला. त्यांना मूल नव्हतं, सगळं वडिलांनाच करायचं होतं. पाऊस होता, रस्ता नेहमीचाच, चामडं आता तुळतुळीत झालं होतं. मी गाडी बंद केली. वडील उतरले, दारापाशी गेले आणि सवयीनं पाठ फिरवून उभे राहिले. दारात कोणी नव्हतं. त्यांना ते लगेच कळलं असावं, पण ते हलले नाहीत, तसेच उभे राहिले.

मी गाडी सोडून पुढं झालो आणि त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. "कोरडी आहे, बाबा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विहिरीकडे चालू लागले.